हे जनुक टिकले कसे?

काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी शिक्षकांचे एक शिबिर भरले होते. उत्क्रांतीवर बोलण्यासाठी आम्हाला बोलावले होते. जे अपायकारक ते हळूहळू गाळले जाते आणि जे उपयोगी ते टिकते, असे आम्ही नेहमीच्या पद्धतीने सांगितले. बोलणे संपल्यावर आश्रमशाळेतले एक गुरुजी उठून उभे राहिले.

"सर, माझ्या वर्गात सिकलसेलचा एक मुलगा आहे. थंडी पडली की त्याचे हातपाय इतके दुखतात, की आठ-आठ दिवस तो वर्गात दिसत नाही. अपायकारक ते गाळले जाते म्हणता, मग हा आजार इतक्या पिढ्यांत गाळला का गेला नाही? निसर्गाने तो ठेवलाच कशाला?" थोडे थांबून त्यांनी खरी अडचण सांगितली. "बाहेरची माणसे म्हणतात, या लोकांचे रक्तच खराब. पोरांच्या कानावर ते जाते. त्यांना मी काय सांगू?"

त्या दिवशी आम्ही पाच मिनिटांत जमेल तेवढे उत्तर दिले. पण या प्रश्नाचे पूर्ण उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना जवळजवळ अर्धे शतक लागले होते. तो इतिहास आपण येथे पाहू.

शिकागोतील एक विद्यार्थी

१९०४ साली वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेत शिकागोला आला. त्याच वर्षी डिसेंबरात खोकला, ताप आणि अशक्तपणा यांमुळे त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तेथील शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबड्या पेशी एरवी गोल चकतीसारख्या असतात. येथे मात्र अनेक पेशी लांबट, टोकदार, विळ्यासारख्या वाकलेल्या दिसत होत्या. आयर्न्स यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी या रुग्णाची हकीकत १९१० साली प्रसिद्ध केली. नोएल शिक्षण पुरे करून मायदेशी परतला, तेथे त्याने दवाखाना थाटला आणि १९१६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने तो वारला.

असे आणखी रुग्ण सापडले आणि १९२२ साली या विकाराला 'सिकलसेल ॲनिमिया' हे नाव मिळाले. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. १९२७ साली हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले, की रक्तातील प्राणवायू कमी केला की या पेशी विळ्याचा आकार घेतात आणि प्राणवायू परत दिला की पुष्कळशा पुन्हा गोल होतात. अशा वाकड्या आणि ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. या रुग्णांची पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्तक्षय कायमचा पाठीस लागतो.

१९४९ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे. त्या वर्षी अमेरिकेत जेम्स नील यांनी आणि आफ्रिकेत काम करणाऱ्या बीट यांनी या विकाराची आनुवंशिकता स्पष्ट केली. आई आणि वडील या दोघांकडूनही बदललेले जनुक आले तर मूल आजारी पडते. एकाकडूनच आले तर ते मूल 'वाहक' होते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते. आपल्याकडील तपासणीच्या कागदावर यांनाच अनुक्रमे 'एसएस' आणि 'एएस' असे लिहिलेले असते. ज्याच्याकडे हे जनुक मुळीच नाही तो 'एए'.

त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकते. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत सापडल्याचे हे पहिले उदाहरण. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम यांनी तो फरक नेमका कोठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ ॲमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. एवढाच काय तो बदल!

न सुटणारे कोडे

आजार कसा होतो ते कळले. पण गुरुजींचा प्रश्न तसाच राहिला होता. पूर्व आफ्रिकेतील काही जमातींत शंभरातील चाळीस माणसे वाहक असल्याचे आढळत होते. एसएस मुले त्या काळी बहुधा लहानपणीच दगावत आणि प्रत्येक मृत्यूबरोबर या जनुकाच्या दोन प्रती समाजातून नाहीशा होत. मग हे जनुक केव्हाच संपायला हवे होते.

काहींनी सुचवले, की नवनवीन उत्परिवर्तनांमुळे ही तूट भरून निघत असावी. पण हिशेब जुळेना. समजा, लोकसंख्येतील दर दहा जनुकांमागे एक बदललेले आहे. अशा ठिकाणी एसएस मुलांच्या मृत्यूमुळे दर पिढीला या जनुकाच्या दहा टक्के प्रती नाहीशा होतील. उत्परिवर्तने मात्र एका पिढीत लाखात एखादे अशी होतात. फुटक्या रांजणात थेंबाथेंबाने पाणी ओतण्यासारखेच ते झाले.

या कोड्याला दिशा दिली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी, तीही दुसऱ्या एका आजाराविषयी बोलताना. भूमध्य समुद्राच्या आसपास थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचाच आनुवंशिक विकार बऱ्याच प्रमाणात आढळतो. १९४८ साली स्टॉकहोम येथील आनुवंशशास्त्राच्या परिषदेत त्यांनी एक तर्क मांडला, तो पुढच्या वर्षी छापून आला. थॅलेसेमियाच्या वाहकांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा लहान असतात. हिवतापाच्या परजीवीला त्या कदाचित दाद देत नसतील. तसे असेल तर हिवतापाच्या प्रदेशात वाहक माणसे इतरांपेक्षा अधिक जगतील आणि जनुक टिकून राहील. हा केवळ तर्क होता. त्यांच्यापाशी पुरावा नव्हता.

हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

पुरावा कोणी आणला?

अँथनी ॲलिसन यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला, पण ते वाढले केनियात. लहानपणापासून त्यांनी हिवताप जवळून पाहिला होता. १९४९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाची एक मोहीम माउंट केनियाकडे निघाली. बरोबरचे लोक वनस्पती आणि कीटक गोळा करत होते, तर ॲलिसन निरनिराळ्या जमातींच्या लोकांच्या रक्ताचे नमुने घेत होते. रक्तगटांबरोबर त्यांनी पेशी विळ्यासारख्या होतात का, तेही तपासले. समुद्रकिनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात वीस टक्क्यांहून अधिक लोक वाहक निघाले. उंच डोंगराळ भागात मात्र ते प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. वंश वा भाषा पाहून या आकड्यांचा उलगडा होत नव्हता. जेथे डास आणि हिवताप तेथे वाहक अधिक, एवढे मात्र जुळत होते.

वैद्यकीचे शिक्षण संपवून ॲलिसन १९५३ साली परत आफ्रिकेत आले. युगांडात त्यांनी २९० मुलांचे रक्त तपासले. वाहक नसलेल्या २४७ मुलांपैकी ११३ जणांच्या, म्हणजे सुमारे ४६ टक्के मुलांच्या, रक्तात हिवतापाचे परजीवी होते. वाहक असलेल्या ४३ मुलांपैकी १२ जणांच्या, म्हणजे सुमारे २८ टक्के मुलांच्या, रक्तात ते आढळले. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी तीस प्रौढ स्वयंसेवकांना मुद्दाम हिवतापाचा संसर्ग दिला. त्यांतील पंधरा वाहक होते, पंधरा नव्हते. वाहक नसलेल्यांपैकी चौदा जणांना हिवताप झाला, वाहकांपैकी फक्त दोघांना. असा प्रयोग करायला आज कोणतीही नीतिमत्ता समिती सहजासहजी परवानगी देणार नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. १९५४ साली हे सर्व प्रसिद्ध झाले.

सुरुवातीला अनेकांनी शंका घेतल्या. पुढील काळातील मोठ्या पाहण्यांनी मात्र ॲलिसन यांचे म्हणणे पक्के केले. वाहक मुलांना फाल्सिपॅरम जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या गंभीर हिवतापापासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळते, असे आज मानले जाते. परजीवी शिरलेली वाहकाची पेशी लवकर विळ्यासारखी होते आणि प्लीहा तिला रक्तातून काढून टाकते. शिवाय प्राणवायू कमी असताना अशा पेशीत परजीवीची वाढही खुंटते. याचा अर्थ वाहकाला हिवताप होतच नाही असा नव्हे. आणि एसएस रुग्णाला तर हिवताप फारच धोक्याचा ठरतो. मच्छरदाणी सर्वांनाच हवी.

चिंचोक्यांचे गणित

हा समतोल वर्गात करून पाहता येतो. एका पिशवीत २०० चिंचोके घ्या आणि त्यांतल्या २० चिंचोक्यांवर चुन्याचा ठिपका द्या. ठिपक्याचा चिंचोका म्हणजे बदललेले जनुक. न बघता दोन-दोन चिंचोके काढत चला. प्रत्येक जोडी म्हणजे एक मूल. अशी शंभर मुले होतील. सरासरीने ८१ जोड्या बिनठिपक्याच्या, १८ जोड्यांत एक ठिपका आणि एका जोडीत दोन्ही ठिपके, असे उत्तर येईल.

आता दोन ठिपक्यांची जोडी बाजूला काढा. ते मूल आजाराने गेले. बिनठिपक्याच्या ८१ पैकी ९ जोड्याही काढा. ती मुले हिवतापाने गेली. वाहक सर्व जगले असे धरू. उरली ९० मुले, म्हणजे १८० चिंचोके. त्यांत ठिपक्याचे १८. म्हणजे पुन्हा बरोबर दहा टक्के! एका बाजूने आजार जनुके काढून घेतो, दुसऱ्या बाजूने हिवताप बिनठिपक्याची जनुके काढून घेतो आणि प्रमाण जागच्या जागी राहते.

आता हिवताप नाही असे समजा. ती ९ मुले जगतील. ९९ मुलांचे १९८ चिंचोके, त्यांत ठिपक्याचे १८. प्रमाण दहात एकवरून अकरात एकवर आले. पुढच्या पिढीत ते बारात एक होईल, मग तेरात एक. दहात एकचे वीसात एक व्हायला दहा पिढ्या लागतील. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर अडीचशे वर्षे झाली. हिवताप उद्या नाहीसा झाला, तरी त्याने मागे ठेवलेले जनुक लगेच जाणार नाही.

शिबिरातल्या त्या गुरुजींनी हा खेळ मुलांकडून करून घेतला आणि आम्हाला पत्र लिहिले. मुलांच्या एका गटात वाहकांची संख्या चौदा आली, दुसऱ्या गटात त्याहून अधिक. चूक कोणाची, यावर वाद झाला. आम्ही कळवले, की चूक कोणाचीच नाही. लहान वस्तीत निव्वळ योगायोगानेही जनुकांचे प्रमाण असेच खालीवर होते. उत्क्रांतीत निवडीबरोबर योगायोगाचाही वाटा असतो, हे मुलांच्या स्वतःच हाती लागले होते.

कुऱ्हाड, शेत आणि डबके

पण हिवताप तरी इतका कोठून आला? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी १९५८ साली याचा शोध शेतीच्या इतिहासात घेतला. पश्चिम आफ्रिकेतील घनदाट जंगलात जमिनीवर ऊन पोहोचत नव्हते. शेतीसाठी झाडे तोडली गेली, उन्हातली डबकी तयार झाली आणि अशाच डबक्यांत वाढणाऱ्या 'ॲनॉफेलिस गॅम्बी' डासांचे फावले. भटकी माणसे एका जागी दाटीने राहू लागली आणि डासांना त्यांचे भक्ष्य घराशेजारीच मिळाले. म्हणजे माणसाने राहणी बदलली, त्यामुळे रोग वाढला आणि त्या रोगाने माणसाच्या जनुकांचे प्रमाण बदलले. उत्क्रांती ही लाखो वर्षांपूर्वी संपलेली गोष्ट आहे असे वाटत असेल, तर हे उदाहरण जरूर आठवावे.

आपल्याकडचे रक्त

अमेरिकेत हा आजार अनेक वर्षे 'काळ्या लोकांचा रोग' समजला जाई. गोऱ्या माणसात तो आढळला तर त्याचे पूर्वज आफ्रिकन असतील, असा डॉक्टर संशय घेत. १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांना नीलगिरीतील आदिवासींमध्ये हे जनुक आढळले. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. आज आपल्या राज्यात नंदुरबारपासून मेळघाटापर्यंत आणि नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा आदिवासी जमातींत आणि विदर्भातील इतर अनेक समाजांतही ते असल्याचे आपण जाणतो. जंगल, पाणी आणि हिवताप यांचा नकाशा त्याच्या शेजारी ठेवला तर पुष्कळसा जुळतो.

भारतात आणि अरबस्तानच्या पूर्व भागात या जनुकाच्या शेजारची डीएनएची जडणघडण आफ्रिकेपेक्षा वेगळी आढळते. त्या घडणीच्या लोकांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकते. हे हिमोग्लोबिन पेशी वाकण्यास अटकाव करते, त्यामुळे काही रुग्णांचा आजार सौम्य राहतो. सर्वांच्या बाबतीत मात्र तसे घडत नाही. तान्ह्या बाळांना पहिले काही महिने त्रास का होत नाही, याचे उत्तरही याच हिमोग्लोबिनमध्ये आहे, असे १९४८ सालीच जॅनेट वॉटसन यांनी सुचवले होते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा एक उपचारही त्याच मार्गाने जातो. तो उपचार अतिशय महाग आहे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी मात्र आपल्या आवाक्यातली आहे.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

या इतिहासात एक कडू प्रकरणही आहे. पॉलिंग यांनीच १९६८ साली असे सुचवले, की वाहक तरुणांच्या कपाळावर एक खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांना ओळखतील आणि विवाह टाळतील. रेणूतला फरक शोधणारा एवढा मोठा शास्त्रज्ञ हे लिहून गेला. १९७० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेच्या अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला भेद लोकांना नीट समजावून सांगितला गेला नाही. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विमा नाकारला गेला. तेथील हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे १९८१ पर्यंत वाहकांना बंद होते.

आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर कार्ड मिळते. ते कार्ड घरी नेणारे मूल पहिला प्रश्न बहुधा शिक्षकांनाच विचारते. अमेरिकेतील चूक आपल्याकडे होऊ द्यायची नसेल, तर वाहक म्हणजे काय हे शिक्षकांना स्वच्छ ठाऊक असले पाहिजे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोघांपैकी एकच वाहक असेल, आणि दुसऱ्याला हिमोग्लोबिनचा अन्य कोणता आनुवंशिक दोष नसेल, तर अपत्याला हा आजार होत नाही. लग्नापूर्वी तपासणी करायची ती एवढ्यासाठी. कपाळावरच्या खुणेची तेथे काहीच गरज नाही.

आता गुरुजींच्या दोन प्रश्नांकडे परत येऊ. निसर्गाने हा आजार ठेवलाच कशाला? कोणी ठेवला नाही. निवडीला डोळे नसतात, हेतूही नसतो. हिवतापाच्या मुलखात ज्यांच्या रक्तात या जनुकाची एक प्रत होती ती मुले अधिक संख्येने जगली, त्यांना मुले झाली आणि जनुक पुढे आले. त्याची किंमत ज्या थोड्या मुलांना दोन प्रती मिळाल्या त्यांनी मोजली, आणि आजही तीच मोजत आहेत. औषध, पाणी, ऊब, वेळेवर उपचार आणि बुडलेला अभ्यास भरून काढायला मदत, हा त्यांचा हक्क आहे.

आणि 'यांचे रक्तच खराब' या बोलण्याचे काय? त्या मुलांना सांगावे, की तुमच्या पूर्वजांच्या गावात हिवतापाने किती मुले नेली असतील त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. तुमच्या रक्तात ती आहे. जे वाचले त्यांतल्या पुष्कळांना याच जनुकाने वाचवले होते.